देखाव्याला ऐंशीचं दशक घेतलंय, पण नेमकं दाखवायचं काय?

पक्या_गल्लीवाला
नमस्कार मंडळी. यंदा गणपतीला आमच्या बेळगावातल्या मंडळाने जिवंत देखावा करायचं ठरवलंय, वीसेक मिनिटांचा. विषय मीच तोंड वर करून सुचवला, 'ऐंशीच्या दशकातला सीमाभाग', आणि आता स्क्रिप्ट पण मीच लिहायची म्हणे. माझा जन्म ९४ चा, म्हणजे सगळं ऐकीव. मीटिंगमध्ये जो तो म्हणतोय सोपं आहे की गा, ८६ चं आंदोलन दाखव, गोळीबार दाखव, हुतात्म्यांना हार घाल, पडदा पाड. ते तर दाखवणारच. पण दहा वर्षं होती ना ती? १ जून सोडून बाकीच्या दिवशी आपली पोरं काय करत होती, कशावर चिडत होती, काय ऐकत होती, मत कुणाला देत होती? जे तेव्हा कॉलेजात होते त्यांनी जरा हात सैल सोडून लिहा. पोरं भरपूर आहेत, पोरी पाच आहेत, बजेट नाही.

अनगोळ्या
आधी पोलिसांची परवानगी काढ. मग दशक.

म्हादू_हिंडलगा
पक्या, ८६ ला मी पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत होतो. १ जूनला रविवार होता. प्राथमिक शाळेत कन्नड सक्तीचं करणार म्हटल्यावर गावागावातून लोक निघाले आणि आमच्या हिंडलग्यात गोळीबार झाला, बेळगुंदीत झाला. नऊजण गेले. आजसुद्धा १ जूनला हुतात्मा स्मारकावर आम्ही जातो, पूर्वी माणूस मावायचा नाही, आता पुढाऱ्यांची भाषणं जास्त आणि ऐकणारे कमी.
मला काय आठवतं सांगू, गोळीबाराचा आवाज वगैरे नाही. नंतरचे दिवस. गावात पोलीस, रस्त्यावर दगड, एसटी बंद. आई दूध घालायला बांधावरनं जायची, किटली पदराखाली झाकून, कारण किटली चमकली की कुणीतरी अडवणार. आणि आमच्या शेजारचा एक पोरगा आठवडाभर माळ्यावर भुसाच्या पोत्यामागं लपलेला, त्याला जेवण वर द्यायला मी जायचो. त्यानं काहीच केलेलं नव्हतं, नुसता घोषणा द्यायला पुढं होता. हे दाखव. गोळीबार सगळेच दाखवतात, फटाका फोडून.

राजू_टिळकवाडी
वा म्हादूदादा. भुसाची पोती मी देतो, फुकट.

भाऊसाहेब_निपाणीकर
बेळगाववाल्यांचं दशक ८६ ला सुरू होतंय आणि ८६ लाच संपतंय हे बघून मजा वाटली भावांनो. आमचं ८१ ला सुरू झालं.
निपाणीचा तंबाखू. शेतकरी वर्षभर राबणार, पान वाळवणार, चाळणार, आणि वखारीत नेऊन टाकणार. प्रत व्यापारी ठरवणार, भाव व्यापारी ठरवणार, पैसे कधी द्यायचे तेही व्यापारीच ठरवणार. आमच्या आजोबांचे एका वखारवाल्याकडं दोन हंगामांचे पैसे अडकलेले आणि वर त्यालाच रामराम घालायचा, कारण पुढचा माल पण तिथंच. मग शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले. त्याआधी त्यांचं चाकणला कांद्याचं झालेलं, नाशकाकडं उसाचं झालेलं. मार्चमध्ये लोक जे हायवेवर बसले पुणे-बेंगळूर, ते तीन आठवडे उठलेच नाहीत. बैलगाड्या रस्त्यावर, चुली रस्त्यावर, भाकऱ्या गावागावातनं बांधून यायच्या, रात्री भजन. मी आठवीत, शाळा बुडवून तिथंच. आणि एक गोष्ट नीट वाचा, त्या रस्त्यावर मराठी शेतकरी आणि कानडी शेतकरी एकाच गाडीखाली सावलीला झोपत होते, कुणी कुणाला तुझी भाषा कंची विचारलं न्हाई.
६ एप्रिल १९८१. गोळीबार. बारा शेतकरी गेले. बेळगावात किती जणांना ही तारीख पाठ आहे? हात वर करा.

अनगोळ्या
हात खाली आहे माझा. खरंच माहीत नव्हतं.

राजू_टिळकवाडी
माझापण. आमच्या घरात निपाणी म्हणजे मावशीचं गाव नि जर्दा, एवढंच.

मीनाक्षी_के
भाऊसाहेब, तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण वखारीचं दार उघडून आत कोण होतं ते नाही लिहिलंत. शेतकऱ्याचा तंबाखू वखारीत गेल्यावर तो कुटायला, चाळायला, निवडायला बायका होत्या, आणि विड्या वळायला घरोघरी बायका. माझी आत्या त्यातली. संध्याकाळी घरी आली की पहिल्यांदा मोरीत जायची, अंगावर पाणी घेतल्याशिवाय पोराला जवळ घ्यायची नाही, कारण पदर झटकला तरी पूड उडायची आणि पोरगं शिंकून शिंकून लाल. स्वतः मात्र दिवसभर त्याच पुडीत, नाकाला तोच पदर. पुढं खोकल्यातच गेली.
त्या बायका ऐंशीच्या आसपास एक झाल्या. प्रा. सुभाष जोशींनी संघटना बांधली, पण मोर्चात पुढं बायकाच असायच्या. हजेरी, पगार, आत कोंडून काम करून घेणं, सगळ्यावर भांडल्या. १९८२ ला युगांतर म्हणून बायकांच्या प्रश्नांवर फिल्म करणारा एक गट होता, दीपा धनराज वगैरे, त्यांनी निपाणीत येऊन या वखारीतल्या बायकांवर माहितीपट केला. म्हणजे जगाला दिसलं, आपल्याला नाही. या कामगारांत देवदासी बायका पण होत्या. मुली देवाला सोडायला बंदी करणारा कर्नाटकचा कायदाही ८२ चाच, हे पण त्याच दशकात येतं पक्या.
आणि तुझ्या त्या पाच पोरी. त्यांना काय आरतीचं ताट धरायला ठेवलंयस?

पक्या_गल्लीवाला
नाही हो ताई 😅 (खरं तर एकीला भारतमाता करायचं ठरलं होतं.)

मीनाक्षी_के
बघ.

राजू_टिळकवाडी
मी जरा हलकं लिहितो, नाहीतर देखावा बघायला आलेली माणसं रडत कुंदा खायला जातील.
मी ८३ ते ८८ कॉलेजात. आमचं दशक म्हणजे कॅसेट. कॅम्पातल्या पोरांचे नातेवाईक गोव्यात, त्यांच्याकडनं इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी यायच्या, मग एक कॅसेट दहा घरांत फिरून शेवटी आमच्याकडं येईपर्यंत गायकाचा आवाज घोगरा झालेला असायचा, आम्हाला वाटायचं ओरिजिनलच तसाय. कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. गल्लीत वर्गणी काढून टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणायचा, रात्रभर तीन पिक्चर, तिसऱ्याला निम्मी गल्ली तिथंच झोपलेली. ८३ चा वर्ल्ड कप ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या खिडकीत बघितला, खिडकीचा गज अजून वाकडा आहे. नंतर ती यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल आली. कॉलेजात एकाकडं होती, आणि त्या एकाला तेवढ्यावर वर्गाचा सीआर, म्हणजे प्रतिनिधी केला आम्ही.
आणि हीच पोरं ८६ ला रस्त्यावर होती बरं का. सकाळी केस मागं वळवून मोर्चाला, चप्पल हातात घेऊन घरी.

सीमालढा_५६
हे काय चाललंय? हुतात्म्यांच्या शेजारी व्हीसीआर आणि डिस्को नाचवणार काय तुम्ही? १७ जानेवारी ५६ पासून या मातीत रक्त सांडलंय. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, सत्याग्रह, केवढं सोसलं लोकांनी. देखावा करायचा तर सीमाप्रश्नाचा करा, नाहीतर सरळ सिनेमातला राजवाडा उभा करा. तंबाखूच्या भावाचा आणि सीमालढ्याचा काय संबंध?

भाऊसाहेब_निपाणीकर
संबंध असा की दोन्हीकडं गोळ्या आपल्याच लोकांना लागल्या, साहेब.

राजू_टिळकवाडी
दादा, रागावू नका. ८६ ला जे गेले त्यात आमच्या वयाची पोरं होती. त्यांच्याही खिशात कंगवा असायचा. फोटोला हार घालून घालून आपण त्यांना एवढं म्हातारं करून ठेवलंय की आजच्या पोराला वाटतं ती माणसं जन्मलीच फ्रेममध्ये.

अनगोळ्या
👏

सीमालढा_५६
मुद्दा पोचला. तरीपण डिस्को नको.

निवृत्त_मास्तर
सर्वांना नमस्कार. थोडं विस्तारानं लिहितो, सवय जात नाही.
पक्या, तू 'मत कुणाला देत होती' असं विचारलंस, त्यावर कुणीच बोललं नाही. राजकारण सोडून ऐंशीचं दशक सांगता येणार नाही. ८० साली काँग्रेसचे गुंडूराव कर्नाटकचे मुख्यमंत्री झाले. त्याच जुलैत नवलगुंद-नरगुंदला मलप्रभेच्या पाण्याच्या करावरून शेतकरी पेटले, गोळीबार झाला, त्यातून पुढं रयत संघ ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. ८१ ला निपाणी. ८२ ला गोकाक चळवळ. या तिन्हीनं मिळून गुंडूरावांची खुर्ची हलवली आणि जानेवारी ८३ ला कर्नाटकात पहिल्यांदा बिगर-काँग्रेस सरकार आलं, रामकृष्ण हेगडे. निपाणीकडं त्या दिवशी साखर वाटल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय. आणि गंमत बघा, साखर ज्यांच्या येण्याची वाटली त्यांच्याच कारकीर्दीत तीन वर्षांनी कन्नड सक्ती आली. एक सरकार गेल्याचा आनंद दुसऱ्यानं किती दिवस टिकू दिला, हे पोरांना कळलं पाहिजे.

अनगोळ्या
मास्तर, गोकाक चळवळ म्हणजे ती धबधब्याजवळ झाली तीच ना? गिरणी आहे तिथं.

निवृत्त_मास्तर
नाही बाळा. गोकाक हे आडनाव. विनायक कृष्ण गोकाक, मोठे कन्नड साहित्यिक, त्यांच्या समितीनं शाळेत कन्नडला पहिलं स्थान द्या म्हणून अहवाल दिला, त्याच्या अंमलबजावणीसाठीची चळवळ. कन्नड सिनेमाचे नट डॉ. राजकुमार त्यात उतरले आणि मग काय, गावोगाव लाखोंच्या सभा. धबधब्याला कुणी गेलं नाही.

अनगोळ्या
इतकी वर्षं मी लोकांना धबधबा सांगत होतो 🙈

बसू_बैलहोंगल
मास्तर, बरं केलात लिहिलात. मी कन्नड माणूस, सासुरवाडी शहापूर, म्हणून मराठी येतंय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडं ८२ ला माझे मोठे भाऊ कॉलेजात, ते गोकाक चळवळीत होते. खांद्यावर हिरवी शाल रयत संघाची आणि तोंडात राजकुमारचं गाणं, दोन्ही एकाच माणसाचं. तुम्ही ज्या वयात इकडं घोषणा देत होतात त्याच वयात ते तिकडं देत होते. त्यांना वाटायचं आपली भाषा आपल्याच राज्यात मागं पडतीय, तुम्हाला वाटायचं आपली भाषा शाळेतनंच काढतायत. दोघांना पण भीतीच होती हो. संध्याकाळी त्यांच्या कारखान्याच्या टीममध्ये बॉलिंग टाकायला मात्र वडगावचा मराठी पोरगा लागायचा.
माझी एकच सूचना, देखाव्यात कन्नड बोलणारा म्हणजे खलनायकच असं नका करू.

सीमालढा_५६
बसूअण्णा, तुमच्या भावाबद्दल काही नाही. पण भीती दोघांना होती हे अर्धं झालं. सरकार एकाच्या बाजूला होतं.

बसू_बैलहोंगल
हे खरंय. नाही म्हणत नाही.

जांबोटीकर
एवढा वेळ नुसता वाचत होतो. खानापूर तालुक्याचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितोय.
आमच्या भागात ऐंशीचं दशक मुंबईहून ट्रंकेत भरून आलं. घरटी एक माणूस गिरणीत. लालबाग-परळला गावाची खोली, एका खोलीत पाळीपाळीनं तीस-चाळीस माणसं झोपायची. १८ जानेवारी ८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप कधी संपलाच नाही. माझे वडील सुरवातीला म्हणाले महिन्याभरात मिटेल, मग म्हणाले गणपतीपर्यंत, मग शिमग्यापर्यंत, आणि एक दिवस लोखंडी ट्रंक घेऊन दारात उभे. आईनं काही विचारलं नाही, चूल पेटवली. ट्रंकेत काय होतं, दोन पँटी, गिरणीचा पास, युनियनची पत्रकं आणि एक बिघडलेला ट्रान्झिस्टर.
आता मुद्दा. शेती ज्याची होती तो शेतीत गेला, बाकीचे पारावर बसून. पण या लोकांना मोर्चा कसा काढायचा ते माहीत होतं! रांग कशी धरायची, पुढची ओळ आडवी कशी बांधायची, घोषणा एकानं द्यायची आणि बाकीच्यांनी कुठं उचलायची, पत्रक रात्रीत कसं छापायचं, लाठी आली तर डोकं कसं झाकायचं. ८६ ला आमच्या गावातली पोरं बाहेर पडली तेव्हा त्यांना हे सगळं शिकवणारे हेच होते, संपात हरलेले. बेळगावच्या भाषणात हे कधी ऐकलं नाही मी. नाव पुढाऱ्यांचं झालं.

मीनाक्षी_के
जांबोटीकर, अंगावर काटा आला. माझ्या आत्याच्या संघटनेतल्या दोघी-तिघी पण ८६ ला सत्याग्रहात होत्या म्हणायची ती. म्हणजे माणसं तीच, आंदोलनं वेगवेगळी.

भाऊसाहेब_निपाणीकर
हे मी पण बघितलंय. हायवेवर भाकऱ्या गोळा करणारी जी पोरं होती तीच पुढं काळ्या दिवसाच्या सायकल फेरीला पुढं. एकदा रस्त्यावर बसलेला माणूस घरात नीट बसत न्हाई.

आरजे_श्वेता
मी २००३ ची, बेंगळूरला नोकरी करते, कन्नड चांगलं येतं, मराठी घरी. सगळं वाचलं, भारी वाटलं, पण एक विचारू का, राग मानू नका. यातनं मिळालं काय? संप हरला. तंबाखूचा शेतकरी आज पण भावासाठी रडतोच. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात. २०१८ ला आणि २०२३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार नाही. नाव बदलून २०१४ ला बेळगावी झालं. आणि आमची पिढी देखावा बघून स्टोरी टाकणार.

सीमालढा_५६
मिळालं हे की तू मराठीत विचारतेयस.

आरजे_श्वेता
काका, ते माझ्या आजीमुळे 🙂

जांबोटीकर
आजी ८६ ला कुठं होती ते विचार एकदा.

निवृत्त_मास्तर
श्वेता, प्रश्न बरोबर आहे आणि त्याला सीमालढावाल्यांचं उत्तर पुरत नाही. प्रत्येक लढ्याचं फळ मोजायला गेलीस तर हाती फार लागणार नाही. पण एक साधी गोष्ट सांगतो. ८६ साली देशात मतदानाचं वय एकवीस होतं. माझ्या वर्गात असलेली, नुकती शाळा सोडलेली पोरं, सतरा-अठराची, त्यांच्या पाठीवर वळ मी बघितलेत. लाठी खायला अठरा चालायचं, मत द्यायला एकवीस लागायचं. ८९ ला ६१ वी घटनादुरुस्ती आली आणि ते अठरा झालं. ती काही बेळगावमुळे आली नाही, पण देशभर त्या दशकात पोरं रस्त्यावर होती म्हणून ती आली, असं मला तरी वाटतं. तू पहिलं मत अठराव्या वर्षी दिलंस ना?

आरजे_श्वेता
दिलं नाही सर. ट्रेनचं तिकीट मिळालं नव्हतं.

राजू_टिळकवाडी
😂😂 मास्तर, पेपर तपासून झाला.

अनगोळ्या
कुणी शरद पवारांचं नाही काढलं? ८६ ला गुपचूप बेळगावात शिरले आणि चन्नम्मा चौकात लाठ्या खाल्ल्या. आणि भुजबळ तर वेष बदलून आलेले. आमच्या मंडळात असता तर या रोलसाठी मारामारी झाली असती.

पक्या_गल्लीवाला
झालीच आहे. दाढी लावायची म्हटल्यावर सगळे भुजबळ. सीमालढ्यातले नेते एन. डी. पाटील सरांचं काम करायला मात्र कुणी तयार नाही, भाषण पाठ करावं लागेल म्हणून.

बरं, सगळ्यांचे आभार, रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. आता जे डोक्यात आहे ते सांगतो, शिव्या घाला. हार-फोटो शेवटी नको, पहिल्यालाच. मग मागं जायचं, हायवे, बैलगाडी, तिच्याखाली दोन शेतकरी, एक कन्नडमध्ये तंबाखू मागतो, दुसरा मराठीत चुना देतो. मग वखार, पाचही पोरी तिथं, भारतमाता रद्द. ट्रंक घेऊन आलेला माणूस. कॅसेट राजूदादांची, डिस्को नाही, लावणार पण हळू. आणि तो ट्रंकवाला पारावर बसून पोरांना रांग धरायला शिकवतोय इथनं ८६ सुरू. शेवटी म्हादूदादांची आई, किटली. निवेदन मराठीत, बसूअण्णा दोन-चार वाक्यं कन्नडमध्ये तुमच्या आवाजात हवीत.

सीमालढा_५६
कन्नड निवेदन? गणपतीत? आपल्याच मंडपात?

म्हादू_हिंडलगा
असू दे की गा. आम्ही हिंडलग्याचे आहोत, आम्हाला चालतंय.

सीमालढा_५६
तुम्हाला चालत असेल तर मी काय बोलणार. पण मी वर्गणी देताना विचार करीन.

पक्या_गल्लीवाला
एकच अडचण राहिलीय. पोलिसाचं काम कुणीच घेत नाही. एकाला विचारलं तर त्याची आई भांडायला आली.

खाकी_७२
मी करतो. नाव सांगत नाही इथं. माझे वडील ८६ ला कॉन्स्टेबल होते, बंदोबस्ताला. मराठीच, बेळगाव तालुक्यातलेच. त्या दिवसांबद्दल घरी कधी बोलले नाहीत, फक्त एवढं म्हणायचे की दोन दिवस जेवणाची गाडी आली नव्हती आणि एका म्हातारीनं दारातनं ताक दिलं, पिऊ की नको कळेना. ड्युटी संपल्यावर ते हिंडलग्याच्या रस्त्यानं सायकलवरनं यायचे, वर्दी पिशवीत घालून, साध्या कपड्यात. आमच्या गल्लीत दोन वर्षं कुणी आमच्याकडं गणपतीला आलं नाही.

म्हादू_हिंडलगा
प्यायले का ताक?

खाकी_७२
प्यायले.

सीमालढा_५६
पोलिसाच्या पोरानं पोलीस करायचा म्हणजे काय माफी मागायचा कार्यक्रम आहे का?

खाकी_७२
नाही. माफी मागायला मी काही केलं नाही, आणि वडिलांच्या वतीनं मागायला ते मला सांगून गेले नाहीत. कुणी घेत नाही म्हणून घेतो. लाठी धरायची कशी ते घरात बघितलंय, तुमची पोरं क्रिकेटची बॅट धरल्यासारखी धरतील.

मीनाक्षी_के
पक्या, यांना घे.

पक्या_गल्लीवाला
घेतलं. रविवारी संध्याकाळी सातला मंडपाच्या मागं तालीम. ट्रंक ज्याच्याकडं असेल त्यानं आणा, ॲल्युमिनियमची नको, लोखंडीच. आणि परवानगीच्या अर्जात विषय काय लिहायचा ते अजून ठरलेलं नाही, कुणाला सुचलं तर इथंच टाका, अर्ज सोमवारी द्यायचाय.

अनगोळ्या
'सामाजिक' लिही. सगळं बसतंय त्यात.